न बोलणाऱ्याचे दुखणे : उंदीर, गिनीपिग आणि प्लेगचा धडा

सांगलीजवळच्या एका शाळेत सातवीच्या वर्गाशी गप्पा मारत असताना एका मुलीने आम्हाला विचारले, ''सर, आमचा गिनीपिग अचानक मेला. काल संध्याकाळपर्यंत अगदी चांगला होता. माझं काही चुकलं का?''

आम्ही तिला उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारू लागलो. गेल्या आठवड्यात तो सगळे खात होता का? थोडा वेळ आठवून ती म्हणाली, ''कोथिंबिरीचे देठ राहायचे.'' भाजीची पिशवी वाजली की शिट्टी मारायचा का? ''तीन-चार दिवस मारली नव्हती.'' लेंड्या? ''कमी होत्या. आई म्हणाली, बरं झालं, झाडायला कमी.'' म्हणजे गिनीपिग अचानक मेला नव्हता. तो आठवडाभर आजारी होता आणि त्या आजाराची सगळी माहिती त्या मुलीजवळच होती. फक्त ती माहिती म्हणजे आजाराची खूण आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

न बोलणाऱ्या प्राण्याचे दुखणे ओळखायचे कसे, हा प्रश्न पाळीव प्राण्यांपुरताच आहे असे वाटेल. पण सव्वाशे वर्षांपूर्वी याच सातारा-सांगलीच्या मुलखात हजारो माणसांचे जगणे-मरणे या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते. आणि ते उत्तर शास्त्रीय कसोटीवर उतरवण्यात गिनीपिग या प्राण्याचा मोठा वाटा होता. ती हकिगत आधी पाहू या, मग त्या मुलीच्या प्रश्नाकडे परत येऊ.

उंदीर पडला, गाव उठले

१८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असे जाहीर केले. पुढच्या काही महिन्यांत साथ मुंबईबाहेर पडली. माणसे घाबरून गावाकडे पळत होती, धान्याची पोती मालगाड्यांतून आणि बैलगाड्यांतून फिरत होती. त्यांच्याबरोबर रोगही देशावर पोचला.

त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा होता. तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके त्यातच होते. सांगली, मिरज, जत ही संस्थाने वेगळी होती. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग आणि ही संस्थाने मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून प्लेगच्या काळातील साताऱ्याची हकिगत ही आजच्या दोन्ही जिल्ह्यांची हकिगत आहे. १८९१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. १९०१ साली ती साडेअकरा लाखांपेक्षाही कमी भरली. दहा वर्षांत लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली, आणि त्यात प्लेगचा मोठा हात होता. सातारा जिल्ह्यातील नायगावची लेक सावित्रीबाई फुले याच साथीत पुण्यात रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी वारल्या, हे आपण वर्गात सांगतोच.

सरकारने साथ रोखण्यासाठी माणसांकडे लक्ष दिले. स्टेशनांवर प्रवाशांच्या काखा-जांघा तपासल्या गेल्या, घरे धुतली गेली, रोग्यांना सक्तीने हलवले गेले. पुण्यातील या सक्तीचा शेवट २२ जून १८९७ च्या रँडवरील गोळीबारात कसा झाला, हे इतिहासाच्या पुस्तकात आहे. खेड्यातल्या लोकांची नजर मात्र वेगळ्या ठिकाणी होती. ती जमिनीवर होती.

'घरात उंदीर पडला' हे शब्द त्या पिढीला पुरेसे होते. आढ्यावरून, कणगीमागून एखादा उंदीर भरदिवसा बाहेर येई, झोकांड्या खात चाले, माणसाला भीत नसे आणि तिथेच मरून पडे. तो दिसला की भांडीकुंडी, गुरेढोरे घेऊन माणसे माळावर झोपड्या बांधून राहायला जात. आमच्या भागातल्या जुन्या घरांत या 'प्लेगच्या झोपड्यां'च्या आठवणी आजी-आजोबांकडून पुढे आलेल्या आहेत. पावसाळा संपल्यावर वाढणारी साथ कडक उन्हाळ्यात ओसरे आणि मग गाव पुन्हा भरे.

ही समजूत एकट्या साताऱ्याची नव्हती. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरातले लोकही एकोणिसाव्या शतकात उंदीर मरू लागले की गाव सोडत. त्याही आधी, सतराव्या शतकात, बादशहा जहांगीराने आपल्या आठवणींत दारू प्यायल्यासारखा झिंगत बाहेर आलेला एक उंदीर आणि त्याला धरल्यावर आजारी पडलेले मांजर यांची हकिगत नोंदवली आहे. खूण लोकांना माहीत होती, पण तिचे कारण कोणालाच माहीत नव्हते.

उंदीर आजार का लपवतो ?

येथे थोडे थांबून एक प्रश्न विचारू. उंदीर भरदिवसा बाहेर येऊन मरतो, मग त्याचा आजार लपलेला कसा?

उंदीर, ससा, गिनीपिग हे सगळे दुसऱ्यांचे भक्ष्य असलेले प्राणी आहेत. मांजर, घार, साप, कोल्हा यांची नजर कळपातल्या लंगड्या, सुस्त प्राण्याकडे आधी जाते. त्यामुळे जो दुखणे दाखवतो तो आधी मरतो. लाखो वर्षांच्या निवडीतून असे प्राणी टिकले, जे अंगात ताकद असेपर्यंत नेहमीसारखेच वागतात. त्यांचा आजार आपल्याला दिसतो तो ही ताकद संपल्यावर. म्हणजे उघड्यावर झिंगणारा उंदीर हा आजाराची सुरुवात नसते. ती जवळजवळ अखेर असते. त्याच्या आधी कितीतरी उंदीर बिळात, भिंतीत, कुडात मरून गेलेले असतात.

म्हणूनच उंदीर पडल्यावर साधारण दहा-पंधरा दिवसांत माणसांना गाठी येऊ लागत. मधले हे दिवस लोकांच्या हातात होते. या दिवसांत जे घर सोडून गेले ते बहुतेक वाचले. जे 'पाहू काय होते ते' म्हणून थांबले त्यांच्यापैकी पुष्कळांना हा उशीर भोवला.

मुंबईचे गिनीपिग

उंदराकडून माणसाकडे रोग जातो कसा, हा प्रश्न दहा वर्षे लोंबकळत राहिला. १८९४ साली हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येरसँ याने प्लेगचा जंतू शोधला. रोग्याच्या गाठीतील द्रव उंदीर आणि गिनीपिग यांना टोचल्यावर ते प्लेगने मेले, हा त्याचा एक महत्त्वाचा पुरावा होता. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ याने आजारी उंदरावरच्या पिसवांमुळे दुसऱ्या उंदराला प्लेग होतो असे प्रयोगाने दाखवले, पण बहुतेक तज्ज्ञांना ते पटले नाही. प्लेग जमिनीतून येतो, धुळीतून येतो, अन्नातून येतो, अशा समजुती चालूच राहिल्या.

मग १९०३ साली मुंबईच्या राणीच्या बागेत एक घटना घडली. तेथील प्राणिसंग्रहालयातले गिनीपिग मरू लागले. त्याआधी तेथे मेलेले उंदीर सापडले होते. परळच्या प्लेग प्रयोगशाळेतील डॉ. ग्लेन लिस्टन यांनी या गिनीपिगांची तपासणी केली. ते प्लेगने मेले होते आणि त्यांच्या अंगावर पिसवा होत्या. गिनीपिगावर एरवी न आढळणाऱ्या या पिसवा उंदरावरच्या होत्या. उंदीर मेला, त्याचे अंग थंड पडले, भुकेल्या पिसवा नवे ऊबदार अंग शोधत निघाल्या आणि पिंजऱ्यात बसलेले गिनीपिग त्यांना सापडले. गिनीपिगाच्या जागी माणूस ठेवून पाहा, म्हणजे वाड्यातली, चाळीतली साथ डोळ्यांपुढे उभी राहते.

लिस्टन यांनी हीच युक्ती पुढे वापरली. प्लेग झालेल्या घरांत रात्री निरोगी गिनीपिग मोकळे सोडायचे आणि नंतर त्यांच्या अंगावरच्या पिसवा गोळा करून ओळखायच्या. जिथे माणसाला रिकामी खोली दिसे, तिथे गिनीपिग अंगभर पुरावा घेऊन बाहेर येई. १९०५ साली त्यांचा निबंध बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी नेमलेल्या प्लेग संशोधन मंडळाने परळच्या आवारात मुद्दाम छोट्या खोल्या बांधल्या आणि एकेक शंका प्रयोगाने तपासली. शिक्षकांनी हे प्रयोग वर्गात जरूर सांगावेत, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलण्याचा तो उत्तम नमुना आहे.

पहिला प्रयोग : पिसवा नसलेल्या खोलीत प्लेगचे आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र ठेवले. ते एकमेकांना खेटून राहिले, एकाच ठिकाणी खाल्ले, घाणीत वावरले. निरोगी निरोगीच राहिले. दुसरा प्रयोग : तशाच खोलीत उंदरावरच्या पिसवा सोडल्या. आता निरोगी गिनीपिग प्लेगने मरू लागले. तिसरा प्रयोग : काही गिनीपिग जमिनीवर ठेवले, काही दोन इंचांवर, काही दोन फुटांवर टांगले. हवा सगळ्यांना एकच होती. जमिनीवरच्या आणि दोन इंचांवरच्या प्राण्यांना प्लेग झाला, दोन फुटांवरचे वाचले. पिसूची उडी चारेक इंचांची असते, हे लक्षात घेतले की उत्तर आपोआप मिळते. प्लेग हवेतून येत असता तर उंची आड आली नसती.

सातारकर माळावर का वाचत होते, तेही आता कळले. देवाचा कोप किंवा गावाची दूषित हवा मागे राहिली म्हणून ते वाचले नव्हते. त्यांनी स्वतःच्या आणि भुकेल्या पिसवांच्या मध्ये अर्ध्या-पाऊण मैलाचे अंतर ठेवले होते. लोकांची खूण बरोबर होती. प्रयोगांनी तिला कारण दिले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन संस्था असे नाव मिळाले.

खाऊनही उपाशी

गिनीपिगाने लपलेल्या आजाराचा आणखी एक धडा याच सुमारास युरोपात दिला. १९०७ साली नॉर्वेत अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिच हे दोघे खलाशांच्या एका आजाराचा अभ्यास करत होते. बेरीबेरीसारखे काही दिसेल या अपेक्षेने त्यांनी गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवले. प्राणी खात होते. पण त्यांचे वजन घटू लागले, सांधे सुजले, दात हलू लागले, स्नायूंत रक्तस्राव झाला आणि ते मेले. हा तर खलाशांचा जुना शत्रू स्कर्वी होता! कोबी किंवा लिंबाचा रस दिला की रोग टळत असे.

उंदीर, कुत्रा, ससा, गाय हे प्राणी 'क' जीवनसत्त्व आपल्या यकृतात तयार करतात. माणूस आणि गिनीपिग मात्र ते तयार करू शकत नाहीत. या सारखेपणामुळेच १९३२ साली सेंट-ग्यॉर्गी आणि स्वर्बेली यांना गिनीपिगांवर प्रयोग करून 'क' जीवनसत्त्व कोणते, हे सिद्ध करता आले. होल्स्ट यांच्या प्रयोगातली एक गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. सुजलेला सांधा डोळ्यांना दिसण्याआधी घटते वजन काट्यावर दिसते. पोट भरलेले असते, शरीर मात्र उपाशी असते. हे डोळ्यांना कळत नाही, तराजूला कळते.

घरातला गिनीपिग

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. प्रयोगशाळेतला हा प्राणी आज सातारा-सांगलीकडच्या घरांत मुलांचा सोबती म्हणून दिसतो. मूळचा तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. तिथल्या लोकांनी त्याला काही हजार वर्षांपूर्वी माणसाळवले. पण माणसाळला तरी दुखणे लपवायची सवय त्याने सोडलेली नाही. त्यामुळे उंदीर पडण्याची वाट पाहायची नसेल, तर त्याआधीच्या खुणा पाहायला शिकले पाहिजे.

सगळ्यात पहिली खूण म्हणजे वजन. स्वयंपाकघरातल्या काट्यावर एक टोपली ठेवून दर आठवड्याला, ठरावीक वारी, ठरावीक वेळी गिनीपिगाचे वजन करावे आणि वहीत लिहावे. पूर्ण वाढलेल्या गिनीपिगाचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते, पण हा आकडा महत्त्वाचा नाही. त्याचे स्वतःचे वजन गेल्या आठवड्यापेक्षा किती बदलले हे महत्त्वाचे. समजा आकडे ९००, ९०५, ८९८, ८५०, ८०५ असे आले, तर चौथ्या आठवड्यातच सावध व्हायला हवे. एका आठवड्यात पन्नासेक ग्रॅम घट झाली तर रोज वजन करावे आणि खाण्यावर लक्ष ठेवावे. दहावा हिस्सा वजन घटले तर पशुवैद्याकडे जावे.

दुसरी खूण खाणे आणि लेंड्या यांची. गिनीपिगाचे आतडे सतत चालते राहावे लागते. त्याने अर्धा-एक दिवस काहीच खाल्ले नाही तर ते थंडावते, पोटात वायू धरतो आणि प्राणी दगावू शकतो. माणसाच्या बाबतीत 'आज जेवला नाही, उद्या जेवेल' असे म्हणून चालते, येथे नाही. लेंड्या लहान, कमी, ओल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर ती झाडू मारण्याची सोय नसते, ती सूचना असते.

तिसरी खूण तोंडाची. गिनीपिगाचे दात आयुष्यभर वाढतात. वाळलेले गवत चावून ते झिजले नाहीत तर दाढा वाढून जिभेवर येतात. मग प्राणी अन्नाजवळ जातो, तोंडात घेतो आणि टाकून देतो. हनुवटी ओली राहते. भूक आहे, पण खाता येत नाही, हे ओळखायला बारकाईने पाहावे लागते. बाकीच्या खुणा अशा : कोपऱ्यात पाठ वाकवून, केस फुलवून बसणे, डोळ्यांभोवती चिकट पापुद्रे, नाकातून स्राव, श्वासाबरोबर टकटक किंवा घरघर, उडी मारताना मागचे पाय ओढणे, नेहमीची शिट्टी बंद होणे.

आजार टाळण्याचे उपाय साधेच आहेत. पोटभर वाळलेले गवत आणि स्वच्छ पाणी सतत असावे. रोज सिमला मिरचीचा तुकडा, कोथिंबीर, कधी पेरूची किंवा आवळ्याची फोड द्यावी. दर किलो वजनामागे दिवसाला १० ते ३० मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व पुरते. सशासाठी बनवलेल्या खाद्यगोळ्या गिनीपिगाला पुरत नाहीत, कारण सशाला बाहेरून 'क' जीवनसत्त्व लागत नाही. बटाट्याची पाने, कांदा देऊ नये. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली पिंजरा ठेवणे म्हणजे जिवाशी खेळ, तो घरात सावलीत आणावा. ससा आणि गिनीपिग एका पिंजऱ्यात ठेवू नयेत, कारण सशाला विशेष त्रास न देणारा श्वसनरोगाचा एक जंतू गिनीपिगाला न्युमोनिया करू शकतो. नवा प्राणी आणला तर दोन-तीन आठवडे वेगळा ठेवावा. माळावरच्या झोपड्यांचे हेच तत्त्व.

आणि घरात उरलेले प्रतिजैविक त्याला कधीही देऊ नये. पेनिसिलिनसारखी औषधे गिनीपिगाच्या आतड्यातले उपयोगी जीवाणू मारतात आणि त्यामुळे प्राणीच मरतो. १९४० साली ऑक्सफर्डमध्ये पेनिसिलिनची पहिली निर्णायक चाचणी आठ उंदरांवर झाली. ती गिनीपिगांवर झाली असती तर हे औषध कदाचित विषारी म्हणून बाजूला पडले असते. औषध कोणते द्यायचे ते पशुवैद्यानेच ठरवावे. सावित्रीबाईंच्या नायगावच्याच खंडाळा तालुक्यात शिरवळ येथे आज पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असावे.

वर्गात करण्याजोगे

ज्या मुलांच्या घरी गिनीपिग, ससा, शेळी, कोंबडी असे काही असेल त्यांना दोन महिने दर आठवड्याला वजन करून आलेख काढायला सांगावे. शेजारी एका ओळीत खाणे, शेण किंवा लेंड्या, वागणे यांची नोंद असावी. ज्यांच्या घरी प्राणी नाही त्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून प्लेगच्या झोपड्यांविषयी काही ऐकायला मिळते का ते पाहावे आणि लिहून काढावे. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून एकच प्रश्न विचारावा : कोणती खूण सगळ्यात आधी दिसली, आणि ती कोणी पाहिली?

हा प्रश्न जुना झालेला नाही. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगचा संशय आला, त्याआधी तिथे पिसवा वाढल्याचे आणि उंदीर मेल्याचे गावकऱ्यांनी सांगितले होते.

त्या मुलीला आम्ही सांगितले, ''तुझं चुकलं नाही. त्यानं तुझ्यापासून लपवलं, कारण लपवणं हाच त्याचा स्वभाव. पण आता तुला पाहायचं कुठं ते कळलंय.'' पुढच्या वर्षी तिने दुसरा गिनीपिग आणला आणि त्याच्याबरोबर एक वहीही घातली. एका सोमवारी वजन साठ ग्रॅमने कमी भरले. गिनीपिग नेहमीसारखाच दिसत होता, घरातले म्हणाले काही झालेले नाही. तिने हट्टाने त्याला पशुवैद्याकडे नेले. एक दाढ वाढून जिभेला लागत होती. ती कापली आणि पंधरा दिवसांत वजन जागेवर आले.

वही तिने आम्हाला दाखवली. त्या सोमवारच्या आकड्याखाली तिने लाल रेघ ओढली होती आणि पुढे लिहिले होते, 'शिट्टी मारत होता तरी.'